तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं कशाने?

मी ठाण्यात नौपाड्याला बायकांच्या ओटीपोटाच्या दुखण्यांसाठी फिजिओथेरपी करते, आणि सोबत आलेली सासू, नवरा, कधीकधी पेशंट स्वतःच विचारते, मॅडम सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, मग हे सगळं मनाचंच ना?

दुखणं खरं असतं हो. सोनोग्राफीत गाठ दिसते, पण सतत आवळून धरलेले स्नायू साध्या सोनोग्राफीत दिसत नाहीत. एंडोमेट्रिओसिसही, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, बरेचदा दिसत नाही, तो दहातल्या साधारण एकीला असतो आणि निदान व्हायलाच कित्येक वर्षं जातात.

मग मनाचा संबंध नाही का, तर आहे ना. परीक्षेच्या टेन्शनने पाळी पुढे जाते हे सगळ्यांना माहितीये, मेंदूकडून ओव्हरीला जाणारे सिग्नल मंदावतात, त्याला कोणी नाटक म्हणत नाही. इथेही तसंच. मध्ये एक ताई आलेल्या, फाईल छातीशी धरून खुर्चीच्या टोकावर बसलेल्या, श्वास घ्या म्हटलं तर खांदे वर गेले, पोट हललंच नाही. ऑफिसचं टॉयलेट घाण म्हणून दिवसभर लघवी धरून ठेवायची, मग लोकलला लोंबकळत घरी, घरी कोणाशी बोलायची सोय नाही, आणि आधीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं तर टेन्शन घेऊ नका! ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असे महिनोन् महिने आवळलेले राहिले की तेच दुखायला लागतात, सारखी लघवी लागते, संबंधाच्या वेळी कळ येते.

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या, १९८९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणून न तपासता मनाचं म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. पण गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बघितलं तेव्हा अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीशी इन्फेक्शनपेक्षा मानसिक त्रासाचा संबंध जास्त निघाला, हेही तितकंच खरं. नुसत्या अँटिबायोटिकचे कोर्स करत राहून त्या बाईचं काय भलं होणार?

म्हणून मी पहिल्याच दिवशी दोन्ही विचारते, पाळी कशी आहे आणि झोप कशी लागते. सायकियाट्रिस्टचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी येतं, मी वेडी नाहीये हो मॅडम, म्हणतात. १९०१ पासून मनोरुग्णालय असलेल्या आमच्या ठाण्यात तर हे जास्तच. मी समजावते की डिप्रेशनवरची काही औषधं कमी डोसमध्ये नसांचं दुखणं शांत करायलाही देतात, कौन्सेलिंग आणि श्वासाचे व्यायाम सोबत चालू ठेवायचे, गायनॅककडे फॉलोअपही सोडायचा नाही.

आणि पाळी कायमची गेल्यावर परत रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, किंवा ताप येऊन ओटीपोट दुखलं तर माझी अपॉइंटमेंट घेत बसू नका, आधी गायनॅककडे जा.