मठाधिपतींचा डोंगर, बांधवांचा तुकडा

आमची बाग निफाडची, सपाट रानातली. मांडवाखाली उभं राहून घड कापायचे, एवढीच सवय. त्यामुळे जर्मनीत ट्रियरजवळ रूवर नदीकाठी माक्सिमिन ग्र्यूनहाउस हा वाइनच्या द्राक्षांचा मळा पाहिला तेव्हा मनात पहिला प्रश्न आला: इथे ट्रॅक्टर कुठून घालतात?

मळ्यातल्या आब्ट्सबेर्ग या डोंगराचा चढ काही ठिकाणी 70 टक्के आहे. पायाखाली निळसर पाटीचा दगड, फुटका आणि घसरडा. मी गुळगुळीत तळव्याचे बूट घालून गेलो आणि दोनदा बसकण मारली. तुम्ही ट्रेकिंगचेच घाला. पण हाच दगड दिवसा तापतो आणि संध्याकाळी वेलींना ऊब देतो. दक्षिणेकडे तोंड केलेल्या अशा उतारामुळेच एवढ्या उत्तरेला रीसलिंग ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं नीट पिकतात. शेजारच्या हेरेनबेर्गवर पाटी लालसर आहे.

मळ्याचा जुना पुरावा 966 सालचा, सम्राट पहिल्या ओट्टोची सनद. तेव्हा मालक होता ट्रियरचा सेंट माक्सिमिन मठ. आब्ट्सबेर्गची वाइन मठाधिपतींना, हेरेनबेर्गची ज्येष्ठ संन्याशांना, ब्रुडरबेर्ग या तिसऱ्या तुकड्याची मठातल्या साध्या बांधवांना. बांधवांचा तुकडा जेमतेम एक हेक्टर! शेवटच्या पंगतीला काय उरतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. नेपोलियनच्या काळात मठाची मालमत्ता गेली. आताच्या फॉन शूबर्ट कुटुंबाच्या पूर्वजांनी मळा घेतला तो 1882 मध्ये.

तळघरात सुमारे हजार लिटरची लाकडी पिंपं आहेत, तिकडे त्यांना 'फुडर' म्हणतात. ओक मळ्याच्याच जंगलातला. रस द्राक्षांबरोबर आलेल्या यीस्टवर सावकाश आंबतो. आंबणं मध्येच थांबवलं की साखर थोडी उरते आणि अल्कोहोल कमी राहतं. हलकी, गोडसर 'काबिनेट' प्रकारची वाइन अशीच होते.

मळा ज्या गावात आहे ते मेर्टेसडॉर्फ ट्रियरपासून दहा किलोमीटरच्या आत आहे. बसने जाता येतं, फक्त रविवारचं वेळापत्रक आधी बघा. सायकल असेल तर जुन्या रेल्वेमार्गावरचा रूवर-होखवाल्ड रस्ता धरा आणि वाल्ड्राखला रोमन जलवाहिनीचे अवशेषही बघून या. वाइन चाखायची वेळ आधी ठरवून घ्या. ऑक्टोबरात तोडणीमुळे कुणाला बोलायलाही फुरसत नसते. सुरुवात कोरड्या, म्हणजे 'ट्रोकन' वाइनने करा आणि 'आउसलेझ', म्हणजे जास्त पिकलेल्या निवडक घडांची गोड वाइन, शेवटी. गोड आधी घेतली तर कोरडी नुसती आंबट लागते. घोट थुंकायला लाजू नका, गाडी चालवणाऱ्याने तर मुळीच नाही.

बाटल्या विमानात चेक-इन सामानातच टाकाव्या लागतात. माझी ब्रुडरबेर्ग दोन स्वेटरांत गुंडाळून निफाडपर्यंत धड पोचली.