सहा पावलं

रविवार, रात्री साडेनऊ

परसातले दोन्ही टब आज अखेर वापरात आले. डावीकडे गरम पाण्याचा स्पा, उजवीकडे थंड डुबकीचा हौद. मधे सहा पावलं. गेले तीन महिने माझा सगळ्यात जास्त विचार या सहा पावलांवरच झाला.

पहिल्या आराखड्यात स्पा घराच्या भिंतीलगत होता आणि थंड हौद पार कुंपणाशी. कागदावर ऐसपैस वाटायचं. एका संध्याकाळी जागा दोरीने आखली आणि आईला म्हटलं, जरा चालून बघ. ती मधेच थांबली. "गरम पाण्यातून निघाल्यावर एवढं चालवेल का रे?" खरंच होतं. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, झटक्यात उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात पायाखाली ओलं. त्याच रात्री आराखडा खोडला आणि दोन्ही टब जवळ आणले. मधे खडबडीत फरशी, बाजूला आधाराची दांडी.

बाकीची कामं एकामागून एक होत गेली. स्पात १५०० लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन दीड टन. जुनी फरशी उखडून सळ्या घातलेलं काँक्रीट ओतावं लागलं. वायरमनने स्वतंत्र लाइन ओढून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा खटका, बसवला आणि त्याचं टेस्टचं बटण मलाच दाबायला लावलं. खटका पडला तेव्हा जिवात जीव आला.

चूक माझी झाली ती थंड हौदाचं पाणी गार करणाऱ्या चिलरच्या बाबतीत. दिसू नये म्हणून तो कोपऱ्यात कोंडला, आणि पाणी १७ अंशांवर अडून बसलं. चिलर पाण्यातली उष्णता उपसून बाहेर टाकतो. तिथे तो आपलीच गरम हवा परत ओढत होता. परवा मोकळ्यावर आणला. आज सकाळी काटा १२ वर.

संध्याकाळी ३८ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बसलो. मग दांडी धरून सावकाश थंड हौदात उतरलो. पाणी छातीपर्यंत आलं आणि श्वास आत ओढला गेला, तो सुटेचना. मग भराभर धापा. थंडीच्या या पहिल्या धक्क्यात तोंड पाण्याखाली गेलं तर घात होतो, म्हणून डोकं वर ठेवायचं आणि एकट्याने उतरायचं नाही, हे घरात आधीच ठरवलंय. आई काठाशी घड्याळ घेऊन बसली होती. "सोड, हळूहळू सोड," ती म्हणत राहिली. मिनिटभराने उच्छ्वास लांबला, खांदे खाली आले, आणि पाण्याची बारीक खळखळ कानावर यायला लागली. दोन मिनिटं होताच तिने हात वर केला.

डॉक्टरांनी तिला थंड पाणी साफ मना केलंय. गरम पाण्यात दहा मिनिटं, तेही ३७ अंशांच्या वर नाही. माझ्या आधी ती बसून उठली होती, गुडघे मोकळे वाटतायत म्हणाली. मी कुडकुडत बाहेर आलो तर स्पाजवळ राहिलेला टॉवेल तीच घेऊन आली, सहाही पावलं, दांडीला हात न लावता.

पाण्याचा पीएच ७.४ आला, क्लोरीनही ठीक. गरमावरचं झाकण आत्ताच लावून आलोय, नाहीतर रात्रभरात वाफेवाटे सगळी ऊब निघून जाईल. आई उद्या सकाळी पुन्हा बसायचं म्हणतेय.