महागवाला आधी गेला

"दादा, दोन्ही गेले. पण महागवाला आधी गेला!" स्विफ्टवाल्या पोराने दोन १२ इंची सबवूफर, म्हणजे बासचे मोठे स्पीकर, माझ्या काउंटरवर ठेवले. त्याचा १४ हजारांचा, मित्राचा ४ हजारांचा. स्वस्तवाल्यावर सोनेरी अक्षरांत '१८०० वॉट'. हा आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा. कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, सतत किती वॉट सोसेल ते आरएमएस सांगतं, आणि ते खोक्यावर शोधत बसावं लागतं. अ‍ॅम्प्लिफायरचंही तेच. वर २००० वॉट, फ्यूज ३० अँपिअरचा. गाडीचे १४ व्होल्ट गुणिले ३०, म्हणजे आत जातानाच जेमतेम ४२० वॉट! गिऱ्हाईक हा गुणाकार करत नाही, म्हणून असला माल खपतो.

स्वस्तवाल्याला मल्टिमीटर लावला, काटा हलेना. कॉइल जळालेली. मागची रबरी टोपी सोलली तर मॅग्नेट निम्म्या जाडीचा, बाकी पोकळ. बास्केट, म्हणजे स्पीकरचा सांगाडा, पत्र्याची, स्क्रू कमीजास्त आवळले की पिळवटणारी. कोनच्या, म्हणजे पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याच्या, तारा मोकळ्या, आपटून झिजलेल्या. यात नवल काही नव्हतं.

महागवाल्याने मात्र कोड्यात टाकलं. मीटरवर ३.६ ओहम, म्हणजे ४ ओहमची कॉइल शाबूत. पण दोन्ही हातांनी कोन सरळ खाली दाबला तर खरखर. कंपनीला फोन केला. फोटोही न मागता उत्तर: "ओव्हरपॉवर झालाय, वॉरंटीत बसत नाही." मग कापलाच. ओतीव अ‍ॅल्युमिनियमची बास्केट, तारा स्पायडरमध्ये, म्हणजे कॉइल मधोमध धरणाऱ्या कापडी चकतीत, विणलेल्या, कॉइल व्हर्निअरवर अडीच इंची. काम बघून बरं वाटलं. आणि स्पायडर जिथे बास्केटला चिकटतो, तिथे अर्ध्या घेरात गोंदाने धरलेलंच नाही! गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियम न खरवडता त्यावर गोंद तसाच ओढलेला. स्पायडर सुटला, कॉइल मधोमध राहिली नाही, घासायला लागली.

"मग वरचे १० हजार कशाचे?" पोराने विचारलं. त्याला बास्केट दाखवली: ही पिळवटत नाही, म्हणून हा दुरुस्त तरी होतो. पॉलिश पेपर मारला, कॉइलभोवती शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, घालून ती मधोमध धरली, इपॉक्सी रात्रभर सुकू दिलं. वाजतोय आता मस्त.

हल्ली विकायच्या आधी मी बास्केटच्या खिडक्यांतून बॅटरी मारून बघतो. गोंद दिसतो, धरलाय की नाही, ते कळत नाही. हाच पीस माझ्या हातात कोरा आला असता तरी वजन बघून, बास्केट ठोकून, कोन दाबून मी त्याला "घे बिनधास्त" असंच म्हणालो असतो.