आरएक्स १०० चे पुढचे शॉकअप: आधी पाईप, मग सील

मंडळी, इंजिन आणि वायरिंग झाल्यापासून गाडीचा पुढचा भाग तसाच राहिला होता, तो आता जवळजवळ पूर्ण झालाय. गाडी १९९४ ची यामाहा आरएक्स १००, पासिंग एमएच ०९ म्हणजे कोल्हापूरचं. उजवा शॉकअप गळत होता, ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालायची आणि खड्ड्यातून बाहेर येताना हँडलमध्ये ठक् असा आवाज यायचा. मागच्या मालकाने सील नवीन टाकलंय म्हणून सांगितलं होतं आणि ते खरंच होतं, उघडल्यावर सील अगदी कोरं निघालं. तरी गळत होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे शॉकअप गळाला की सील बदल, परत गळाला की परत सील बदल, हेच चालतं आणि पाईपकडे, म्हणजे ज्यावर ते सील घासतं त्या क्रोमच्या नळीकडे, कुणी बघत नाही. सील बिचारं शेवटी मार खातं, दुखणं बहुतेक वेळा पाईपातच असतं.

उतरवताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पाईप टी मध्ये (दोन्ही पाईप वर धरून ठेवणारा जोड) घट्ट असतानाच वरचा कॅप बोल्ट नुसता ढिला करून घ्यायचा. एकदा पाईप हातात आला की तो बोल्ट सोडवायला पकड मिळत नाही आणि मग लोक क्रोमवर पाईप पाना चालवतात, आणि चांगला पाईप तिथेच बाद होतो. खालच्या एलन बोल्टचंही तसंच आहे, बोल्टाबरोबर आतला डॅम्पर रॉड (तेलाला अडवणारी भोकांची दांडी) गरागरा फिरतो आणि बोल्ट काही सुटत नाही. त्यावर सोपा मार्ग म्हणजे स्प्रिंग आणि कॅप आत असतानाच शॉकअप दाबून धरायचा आणि बोल्ट सोडवायचा, स्प्रिंगच्या दाबाने रॉड धरला जातो. त्यानेही नाही सुटला तर लाकडी दांडक्याला एका टोकाला निमुळतं तासून पाईपातून आत घालायचं आणि रॉडच्या डोक्यात घट्ट दाबून धरायचं. माझा डावा स्प्रिंगच्या दाबावरच सुटला, उजव्याला दांडकं लागलं.

डाव्यातून तेल निघालं ते काळपट, पण तेलच होतं. उजव्यातून जे आलं ते राखाडी आणि दुधाळ, म्हणजे पाणी गेलेलं, आणि उन्हात धरलं की त्यात बारीक चंदेरी चमक दिसत होती, ती बॉटमच्या, म्हणजे पाईप ज्यात सरकतो त्या खालच्या नळकांड्याच्या, ॲल्युमिनियमची झीज. दोन्हींचं माप पण सारखं नव्हतं, उजव्यात डाव्याच्या निम्मंही तेल नव्हतं. म्हणजे एक शॉकअप काम करतोय आणि दुसरा नुसता स्प्रिंगवर उड्या मारतोय, आणि तो ठक् आवाज तिथूनच येत होता.

आता मुद्द्याचं. पाईप रॉकेलने धुवून कोरडा केला, बघायला लख्ख, लांबून नवाच वाटावा असा. मग चिमूटभर कापूस घेऊन पाईपावरून हळूहळू गोल फिरवत खाली आणला. सीलच्या जरा वर, जिथे गाडी उभी असताना पाईपाचा भाग उघडा राहतो, बरोबर तिथे कापसाचे तंतू अडकायला लागले. बोटाला काही जाणवत नव्हतं, पण नख आडवं फिरवलं की किट् किट् लागत होतं. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, पुढच्या बाजूला पट्टाच झालेला. शॉकअप दबला की हेच खड्डे सीलच्या ओठातून, म्हणजे पाईपाला टेकणाऱ्या आतल्या कडेतून जाणार, प्रत्येक वेळी ओठ थोडा खरवडणार आणि येताना थोडं तेल बाहेर घेऊन येणार. त्यावर कितीही भारी सील टाका, काही दिवसात ते फाटणारच. हेडलाईटच्या कानाखालचा (हेडलाईट धरणाऱ्या पत्र्याखालचा) भाग पण बघून घ्या, तिथे ओल साचून राहते आणि काढल्याशिवाय काही दिसत नाही.

दोन्ही पाईप घेऊन कोल्हापुरातल्या उद्यमनगरात एका ओळखीच्या वर्कशॉपला गेलो. तिथले मामा ग्राइंडिंगच्या मशीनवर आयुष्य काढलेले, पाईप हातात घेऊन नुसता उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "आरं, ह्यो शो क्रोम हाय. हँडलला मारत्यात तसला. ह्याच्यावर सील कसं टिकायचं?" मागे कधीतरी गंजलेला पाईप कुणीतरी साध्या प्लेटिंगवाल्याकडून चमकवून आणला होता, त्याचा हा परिणाम.

हा फरक नीट समजून घ्या कारण यात लई जण फसतात. हँडल, सायलेन्सर, मडगार्डवर असतं ते शो क्रोम, खाली निकेलचा थर आणि वर क्रोमचा एक मायक्रॉनपेक्षाही (मिमीचा हजारावा भाग) पातळ थर, तो फक्त चमकेसाठी. शॉकअपच्या पाईपाला लागतं हार्ड क्रोम, ते सरळ स्टीलवर जाड बसवतात आणि मग ग्राइंड करून मापात आणतात. कडकपणा ६५ ते ७० रॉकवेल सी (कडकपणा मोजायचं माप) च्या घरात असतो, म्हणून वर्षानुवर्षं सील घासूनही ते झिजत नाही. पण हार्ड क्रोममध्ये सुद्धा डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक भेगा असतातच. गाडी पावसाळाभर न पुसता उभी राहिली की त्या भेगांतून पाणी स्टीलपर्यंत जातं, खालून गंज फुगतो आणि क्रोमचा कण उडवून लावतो. आपल्याकडचा पाऊस आणि ऊसाच्या सीझनला रस्त्यावर पडणारा चिखल बघता हे होणारच, त्यामुळे गाडी रोज चालवत नसाल तरी पाईप पुसून तेलाचा हात मारायला विसरू नका.

क्रोमच्या आधी मामांनी पाईप दोन व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे) ठेवून मध्यावर बारीक फरक दाखवणारा डायल लावला आणि हळूहळू फिरवला. इथे एक समजून घ्या, डायलचा काटा एका फेरीत जेवढा हलतो त्याच्या निम्मा पाईप वाकलेला असतो, ०.४ मिमी हलला तर बेंड ०.२ मिमी. डावा जवळजवळ सरळ निघाला. उजव्यात थोडा बेंड होता, तो हायड्रॉलिक प्रेसवर थोडं थोडं दाबून, दर दाबाला डायल बघून काढला. पण पाईपाला घडी पडली असेल, म्हणजे दुमडल्याची खूण दिसत असेल, तर तो सरळ करायच्या भानगडीत पडू नका, तिथलं स्टील कमजोर झालेलं असतं. हा पुढच्या चाकाचा आधार आहे, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

मग जुना क्रोम उतरवणं, ग्राइंडिंग करून खड्डे काढणं, क्रोमिक ॲसिडच्या टाकीत हार्ड क्रोम आणि परत ग्राइंडिंग. थर फार सावकाश चढतो, तासाला साधारण २५ मायक्रॉन किंवा त्याहून कमीच, आणि शेवटच्या ग्राइंडिंगला लागेल तेवढा जास्तीचा चढवावा लागतो, त्यामुळे संध्याकाळी देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शेवटचं माप मी डाव्या पाईपाच्या वरच्या, टी मधल्या न झिजलेल्या भागावरून मायक्रोमीटरने घ्यायला लावलं. दोन्ही पाईप एकाच वेळी एकाच मापात करून घेतले.

डुप्लिकेट जोडी का नाही घेतली, तर घेणारच होतो, दुकानात मायक्रोमीटर घेऊन गेलो आणि एकाच पाकिटातल्या दोन पाईपांत फरक निघाला. सगळ्याच डुप्लिकेट वाईट असतात असं नाही, पण मोजल्याशिवाय घेऊ नका. आणि यामाहाच्याच एफझी गाडीचे ४१ मिमी शॉकअप टाकणाऱ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डिस्क ब्रेक मिळतो हे मान्य, पण त्याबरोबर टी बदलते, १८ इंची रिम जाऊन १७ इंची अलॉय येतं, पुढचं वजन वाढतं, आणि साधारण शंभर किलोच्या या गाडीला वळणात जो हलकेपणा आहे तोच निघून जातो. आरएक्स त्या हलकेपणासाठीच ठेवायची.

जोडणी करताना बॉटम गरम पाण्यात ठेवून सील काढलं, ॲल्युमिनियम फुगतं आणि सील सहज निघतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर सीलच्या घरावर ओरखडा पडतो आणि मग तेल ओठातून नाही, सीलच्या बाहेरून गळायला लागतं आणि कारण सापडत नाही. नवीन सील घेताना जुन्यावरचे आकडे जुळवून घ्या, ओठात ग्रीस भरा, सीलमधल्या बारीक स्प्रिंगची बाजू खाली म्हणजे तेलाकडे, आकडे लिहिलेली बाजू वर. पाईपाच्या धारेवर पातळ प्लास्टिक पिशवी गुंडाळून त्यावरून सील सरकवलं की ओठ कापत नाही. ठोकायला बरोबर मापाचा पीव्हीसी पाईप वापरला, सील अडवून धरणाऱ्या सर्कलिपची खाच पूर्ण दिसेपर्यंत. खालच्या एलन बोल्टचा तांब्याचा वायसर नवीनच टाका.

तेल १० डब्ल्यू फोर्क ऑइल. गॅरेजमध्ये सर्रास त्याहून जाड २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल टाकतात, पण या जुन्या पद्धतीच्या शॉकअपमध्ये तेल रॉडच्या बारीक भोकांतून जातं, वेग दुप्पट झाला की विरोध जवळजवळ चौपट होतो. त्यामुळे तेल जाड असेल तर अचानक आलेल्या खड्ड्यात शॉकअप दबतच नाही, दणका सरळ मनगटात. ब्रेकवर नाक खाली जाणं जाड तेलाने फक्त सावकाश होतं, कमी होत नाही, ते स्प्रिंग आणि तेलावरच्या हवेच्या जागेवर ठरतं. म्हणून तेल भरल्यावर स्प्रिंग बाहेर ठेवून, शॉकअप पूर्ण दाबून, पंपासारखं वरखाली करून हवा काढली आणि पाईपाच्या तोंडापासून तेलाची पातळी दोन्हीकडे एकसारखी केली. सिरिंजला पातळ नळी लावून नळीवर खूण करायची, जास्तीचं तेल ओढलं जातं आणि खुणेवर थांबतं. नुसत्या मापाने ओतण्यापेक्षा हे खात्रीचं, कारण आत जुनं तेल किती राहिलंय त्याने फरक पडत नाही.

चाक बसवताना दोन गोष्टी. ब्रेक प्लेटची खाच बॉटमवरच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे, नाहीतर ब्रेक लागल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरून चाक जाम होईल, हे हात लावून बघा. आणि एक्सल पूर्ण कसायच्या आधी गाडी स्टँडवरून काढून शॉकअप पाच सहा वेळा जोरात दाबायचे, म्हणजे दोन्ही शॉकअप आपापल्या जागी समांतर बसतात, मग कसायचं. तिरके कसले गेले तर नवीन क्रोमवर सुद्धा सील एका बाजूने खाल्लं जातं.

शॉकअप किती दबतो ते कळावं म्हणून पाईपाला झिपटाय बांधून गगनबावड्यापर्यंत फिरून आलो. ठक् आवाज पूर्ण गेला, कळ्याच्या पुढे रस्ता जिथे उखडलाय तिथे हँडल शांत, आणि पाईप दोन्ही कोरडे. मी नुसता बसल्यावर गाडी एकूण ट्रॅव्हलच्या (शॉकअप दबायचं पूर्ण अंतर) एक तृतीयांशापेक्षा जरा जास्त बसते, मला ती पाव ते तृतीयांश यात आणायचीय. दोन्ही स्प्रिंगा शेजारी ठेवून बघितल्या तर उंचीत फरक आहे, त्यामुळे आधी स्प्रिंगांची जोडी आणि मग गरज पडली तर वर पीव्हीसीचा छोटा स्पेसर, दोन्ही टोकांना वायसर लावून.

राहिलेलं काम म्हणजे कोन सेट, हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवलं की बरोबर मध्यात हलका खटका लागतोय, बॉल रेसवर खळगे पडलेत. गोळ्यांऐवजी टेपर रोलर बेअरिंग टाकायचं ठरवलंय, ते झालं की पुढच्या ब्रेकचे लायनर.