हसू येईल, असे आधी सांगू नये

रहस्यकथा किंवा प्रवासवर्णन सुचवताना मला कधी भीती वाटत नाही. विनोदी पुस्तक सुचवताना मात्र वाटते. रहस्यकथा फसली तर वाचणारा लेखकाला नावे ठेवतो, पण विनोदी पुस्तक वाचून हसू आले नाही तर तो सुचवणाऱ्याकडेच संशयाने पाहतो. त्यात 'हसून हसून पोट दुखेल' अशी हमी दिलेली असेल तर संपलेच, कारण मग माणूस पहिल्या पानापासून पोट दुखण्याची वाट पाहत, तोंडी परीक्षा घेणाऱ्या परीक्षकाच्या चेहऱ्याने वाचू लागतो.

तरीही कुणी विचारलेच, तर मी चिं. वि. जोशींपासून सुरुवात करतो. बडोद्याला पाली शिकवणाऱ्या आणि बौद्ध वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या या विद्वानाचे 'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३ साली निघाले, आणि त्यातला चिमणराव अजून हसवतो, याचे कारण आपण विनोदी आहोत याचा त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो. स्वतःची फजिती तो इतक्या प्रामाणिक गांभीर्याने सांगतो, की आपल्याला हसण्याची थोडी लाजही वाटते. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना पाहिलेल्यांना चिमणराव आणि गुंड्याभाऊ त्याच चेहऱ्यांनी दिसतात, हा वरचा लाभ.

राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' या टोपणनावाने केलेले विनोदी लेखन मात्र मी पहिल्याच भेटीत कुणाच्या हाती देत नाही. त्यातल्या कोट्या आणि एकावर एक रचलेल्या उपमा मनातल्या मनात वाचल्या तर दमछाक होते. कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने वाचल्या तरच त्यांचा वेग कळतो. गडकरी ज्यांना गुरू मानत, त्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' वाचून आता गालातल्या गालात हसू येते, खदखदून येत नाही. असे म्हणणे कृतघ्नपणाचे वाटेल, पण शिफारस करायची तर खरे सांगितले पाहिजे.

द. मा. मिरासदारांची गोष्ट सुचवताना मी एकच पथ्य सांगतो: प्रवासात वाचू नये. शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या जोडीने त्यांनी कथाकथन गाजवले, त्यामुळे असेल, पण छापील पानावरही त्यांची गोष्ट कानाशी बसून कुणी सांगत असल्यासारखी वाटते आणि हसू आवरायला वेळच मिळत नाही. 'माझ्या बापाची पेंड' मी सोलापूरच्या एसटीत वाचत होतो. दाबलेले हसू नाकातून निघाले, डोळ्यांतून पाणी आले, खांदे गदगदू लागले, तेव्हा शेजारच्या आजी लगबगीने उठल्या आणि "मळमळतंय का रे बाळा?" असे विचारत त्यांनी मला आपली खिडकीची जागा दिली. खरे सांगण्याचे धैर्य न झाल्यामुळे मी उरलेला प्रवास खिडकीबाहेर तोंड करून, आजारी माणसाला शोभेल अशा बेताने केला.

सगळ्यांत मोठी चूक मी पु. ल. देशपांड्यांच्या बाबतीत केली. 'हसवणूक' या संग्रहात 'मी आणि माझा शत्रुपक्ष' नावाचा लेख आहे. नवे घर बांधून ते आल्यागेल्याला कोपरा न् कोपरा दाखवणारी माणसे या शत्रुपक्षात अग्रभागी आहेत. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी नुकताच बंगला बांधला होता आणि तासभर फिरवून, न्हाणीघरातल्या पाण्याच्या उताराचे महत्त्वही त्यांनी मला स्वतः एक बादली ओतून पटवून दिले होते. निघताना त्यांनीच काहीतरी हलकेफुलके वाचायला मागितले. दुसऱ्या दिवशी मी 'हसवणूक' नेऊन दिले. तो लेख त्यात आहे, हे मला रस्त्याच्या वळणावर आठवले, पण तोवर उशीर झाला होता.

पंधरा दिवसांनी त्यांनी पुस्तक परत केले. लेख वाचला होता. "लिहिलंय छान," ते म्हणाले, "पण इतकं कुणी दाखवत नाही हो." मग गच्चीवरची नवी टाकी दाखवायला ते मला वर घेऊन गेले.

मी तो विषय मनातून काढून टाकला होता. पण गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. तेच पुस्तक त्यांना पुन्हा हवे होते. समोरच्या प्लॉटवर नवे शेजारी घर बांधत होते आणि रोज संध्याकाळी यांना बोलावून खिडक्या दाखवत होते.

"त्यांना वाचायला देतो," ते म्हणाले. "अगदी हुबेहूब आहे हो!"