तुम्ही विचारलंत म्हणून: चढ नाही, मग दम का लागतो?

केंब्रिजला नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: "इथे ना डोंगर, ना गड. शनिवार-रविवारी चालायला, सायकल काढायला जायचं कुठे?" त्याला जोडूनच दुसरा येतो: "सगळं सपाट आहे, म्हणजे पन्नास किलोमीटर आरामात होतील ना?" पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचं एका शब्दात: नाही.

केंब्रिजच्या उत्तरेला कॅम आणि ग्रेट ऊझ या नद्यांच्या आजूबाजूला पसरलेल्या सखल मुलखाला फेन्स म्हणतात. सतराव्या शतकात बेडफर्डच्या अर्लने आणि त्याच्याबरोबर पैसा घालणाऱ्यांनी कॉर्नेलियस व्हर्मायडन या डच इंजिनिअरला हाताशी धरलं, सरळ कालवे खणले आणि दलदलीची शेतं केली. गोव्यातली खाजणं पाहिलेल्याला बांध आणि दारं यांचा हिशोब चटकन समजेल. फरक इथल्या मातीत आहे. हजारो वर्षं पाण्याखाली साचलेल्या गवता-लव्हाळ्याचा तो काळाभोर थर, पीट. पाणी काढलं की पीट सुकतं, आकसतं, हवा लागून झिजतं आणि जमीन खाली बसत जाते. होम फेन या भागात १८५१च्या सुमाराला एक खांब वरचं टोक जमिनीबरोबर येईल इतका खाली गाडला होता. आज तिथे उभा असलेला लोखंडी खांब जमिनीच्या वर जवळजवळ चार मीटर आला आहे. खांब तिथेच आहे, जमीन खाली गेली.

म्हणून इथे नदी वर आणि शेत खाली. बांधावर उभं राहिलं की एका हाताला नदीचं पाणी आणि दुसऱ्या हाताला त्या पाण्याहूनही खालच्या पातळीवर गहू. पायवाट बऱ्याच ठिकाणी या बांधाच्या माथ्यावरूनच जाते, आणि तिथे आडोसा म्हणाल तर शून्य. वारा हाच इथला घाट, फक्त तो नकाशावर दिसत नाही.

तेव्हा आधी वाऱ्याची दिशा पाहा, मग मार्ग ठरवा. वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून असतो आणि ईली हे छोटं शहर केंब्रिजच्या ईशान्येला आहे. सायकलने केंब्रिजहून ईलीला जा, वारा पाठीशी घ्या आणि परत आगगाडीने या. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास आहे. वसंतात कधी कधी वारा उलटा, ईशान्येचा वाहतो. त्या दिवशी आधी आगगाडीने ईली गाठा आणि सायकलने केंब्रिजला परत या. गर्दीच्या वेळी लंडनच्या गाड्यांत घडी न होणाऱ्या सायकलींवर बंधनं असतात, म्हणून शनिवार-रविवार बरा. समोरून वारा असेल तर चढावर करतो तसा गिअर उतरवा. सपाट रस्ता आहे म्हणून जड गिअरवर जोर करणारा तासाभरात गुडघे धरून बसतो.

सायकलसाठी एकच मार्ग सुचवायचा तर मी लोड्स वे सुचवेन. इथे लोड म्हणजे माणसांनी खणलेला जुना जलमार्ग. रीच लोड तर रोमन काळापासूनचा मानतात. बॉटिशमहून लोड गावावरून विकन फेनपर्यंत साधारण चौदा किलोमीटर. वाटेत काही डांबरी, काही काँक्रीट आणि काही दाबलेल्या खडीचा पट्टा लागतो, तेव्हा रेसिंगची अरुंद चाकं नकोत. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर घ्या. स्वाफम बल्बेक लोड आणि रीच लोडवर सायकलवरून न उतरता पार करता येतील असे पूल आहेत. बरवेल लोडचा पूल मात्र पायऱ्यांचा आणि उभा आहे. मागे मुलाची सीट किंवा भरलेल्या पिशव्या असतील तर तिथे दोन माणसं लागतात. विकनहून पुढे बारवेमार्गे ईलीपर्यंत राष्ट्रीय सायकल मार्ग ११ नेतो. केंब्रिजपासून मोजलं तर सगळं मिळून चाळीस किलोमीटरच्या आसपास.

विकनला थांबाच. निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने त्याचा पहिला तुकडा १८९९ साली घेतला, म्हणजे आपले रँग्लर परांजपे केंब्रिजला गणितात पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले त्याच वर्षी. न उपसलेला फेन कसा असतो ते इथे दिसतं. लाकडी फळ्यांची वाट आहे, त्यामुळे बाबागाडीही जाते. बाहेरच्या कुरणांत हायलंड गाई आणि कोनिक घोडे मोकळे सोडलेले असतात. ते वाटेवर उभे असतील तर घंटी वाजवू नका. सायकलवरून उतरा, लांबून वळसा घ्या आणि आई-पिलाच्या मधून कधीही जाऊ नका.

आता पायी चालणाऱ्यांसाठी. फेन रिव्हर्स वे केंब्रिजहून किंग्ज लिनपर्यंत जवळजवळ ऐंशी किलोमीटर नदीकाठाने जातो आणि रेल्वे बराच वेळ त्याच्या सोबतीला असते. त्याचे हवे तेवढे तुकडे करता येतात. ईली ते लिटलपोर्ट साधारण दहा किलोमीटर, पहिल्यांदा जाणाऱ्याला योग्य. वॉटरबीच ते ईली अठराच्या आसपास, हा पूर्ण दिवसाचा. शेवटचे दोन तास ईलीचं कॅथीड्रल समोर दिसत राहतं आणि जवळ काही येत नाही. सपाट मुलखात अंतराचा अंदाज हमखास चुकतो.

यात मोठी चूक होते ती काठ निवडताना. पूल फार थोडे आहेत. वॉटरबीचजवळ क्लेहाइथचा पूल, त्यानंतर रस्त्याचा पूल थेट डिमॉक्स कोटला. मध्ये अपवेअरला एक पब आहे, त्याचं नावच 'फाइव्ह माइल्स फ्रॉम एनिव्हेअर, नो हरी इन'. तो पूर्व काठावर आहे. पश्चिमेच्या बांधावरून चालणाऱ्याला समोर लोक जेवताना दिसतात आणि मध्ये नदी. तेव्हा डबा आणि प्रत्येकी दीड लिटर पाणी घरून न्या. जून-जुलैत बांधावरचं गवत कापलेलं नसलं तर खाजरी नेटल्स मांडीपर्यंत येतात. हाफ पँट घालू नका.

केंब्रिज ते वॉटरबीच नदीकाठची वाट सायकललाही चालते. तिथे एका प्राण्यापासून सावध: बोटींच्या शर्यतीचे प्रशिक्षक. ते सायकलवर असतात, तोंडाने ओरडत असतात आणि डोळे वाटेवर नव्हे, बोटीवर असतात. बाजूला तुम्हीच व्हायचं.

बाकी कुठल्या वाटेवर सायकल चालते ते खांबावरच्या बाणावरून ओळखा. पिवळा बाण फक्त चालणाऱ्यांचा, निळा घोडे आणि सायकलींचाही. वॉटरबीचच्या पुढचा बांध बराचसा पिवळ्या बाणाचा आहे, म्हणून नदीच्या कडेकडेने सायकलवर ईली गाठायचा बेत करू नका. कागदी नकाशा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर २२६ घ्या.

हिवाळ्यात पाण्याचं गणित वेगळं. इअरिथ ते डेन्व्हर दोन समांतर कालव्यांच्या मधली तीसेक किलोमीटर लांबीची पट्टी, ऊझ वॉशेस, ही पुराचं पाणी साठवायलाच ठेवली आहे. ती भरली की वेल्नीचा रस्ता पाण्याखाली जातो. हा बिघाड नाही, योजनाच तशी आहे. हंस पाहायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वेल्नीला जाणार असाल तर निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे का ते पाहा. केंब्रिज ते सेंट आइव्ह्ज गायडेड बस, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या काँक्रीट मार्गावरून धावणारी बस, तिच्या कडेचा सायकलरस्ता उत्तम डांबरी आहे, पण फेन ड्रेटनच्या तळ्यांजवळ तो बसच्या मार्गापेक्षा खाली आहे. बस धावत असते आणि सायकलरस्ता बुडालेला असतो. त्या पाण्यात घुसू नका, कडा कुठे संपते ते दिसत नाही. शेतातले कच्चे रस्ते, ज्यांना इथे ड्रोव्ह म्हणतात, तेही पावसाळी महिन्यांत सोडून द्या; चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये बसतो आणि चाक फिरायचं थांबतं.

शेवटी पंक्चर. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हॉथॉर्न या काटेरी झुडपाची कुंपणं यंत्राने छाटतात आणि काटे रस्त्यावर पडतात. एकदा पंक्चर झाल्यावर ट्यूब बदलून दहा मिनिटांत पुन्हा तेच होतं, कारण काटा टायरमध्येच मोडून राहिलेला असतो. ट्यूब काढताना व्हॉल्व्ह टायरवर नेमका कुठे होता तिथे खडूची खूण करा. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, ट्यूब टायरशेजारी तशीच धरा, म्हणजे काटा कुठल्या वितीत आहे ते कळेल. आतून बोट सावकाश फिरवा, जोरात फिरवलं तर रक्त निघतं. काटा नखाने निघत नाही, छोटा चिमटा लागतो. बाहेरून टायर वाकवला की टोक वर येतं. भोक एक सापडलं तरी पूर्ण चाक तपासा. छाटणीच्या दिवसांत काटे जोडीने घुसतात.