जवळचा जिंकतो, नवा नाही: मेव्हनची ट्रान्झिटिव्ह भानगड

जावावाल्या कुणालाही विचारून बघा, प्रोजेक्टमध्ये एका बाजूने ग्वावा (गुगलची जावा लायब्ररी) 11 येतोय आणि दुसऱ्या बाजूने ग्वावा 27 येतोय, तर मेव्हन (जावाचं बिल्ड टूल, लागणाऱ्या लायब्ररी तोच आणतो) कुठला उचलेल? बरेचजण छातीठोकपणे सांगतात की 27, नवा तोच घेणार ना. पण मेव्हन आकडा बघतच नाही. तुम्ही चौकटी कंसातली रेंज वगैरे न लिहिता साधं व्हर्जन लिहिलं असेल (आणि 99 टक्के लोक तेच लिहितात) तर तो फक्त एवढंच बघतो की तुमच्या पॉमपासून (लागणाऱ्या लायब्ररींची यादी असलेली मेव्हनची फाइल) कोण किती पायऱ्या लांब आहे, आणि जो जवळ तो जिंकला. विषय संपला.

ज्यांनी यात अजून डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही पॉममध्ये एक लायब्ररी लिहिता, तिला चालायला अजून चार लागतात, त्या चारांना अजून दहा, म्हणजे आमंत्रण एकाला आणि पंगतीला अख्खी वाडी. या न बोलावता आलेल्यांना ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी म्हणतात, आणि एकाच लायब्ररीची दोन-तीन व्हर्जन्स वेगवेगळ्या वाटांनी आली की त्यातलं एक निवडावं लागतं, कारण जावाच्या साध्या क्लासपाथवर (क्लास जिथे शोधले जातात त्या यादीवर) एका नावाचा क्लास एकदाच लोड होतो. एनपीएमला (जावास्क्रिप्टवाल्यांचं असंच टूल) ही अडचण तेवढी नाही, तो सरळ नोड मॉड्यूल्स फोल्डरच्या पोटात अजून एक नोड मॉड्यूल्स करून दोन्ही व्हर्जन्स ठेवतो (डिस्कची वाट लागते ते वेगळं). जावात ती चैन नाही.

आता खरा किस्सा कसा दिसतो ते बघू. हॅडूप (प्रचंड डेटा हाताळायची प्रणाली) 2.x चं हॅडूप-कॉमन तुमच्या पॉममध्ये थेट लिहिलंय, आणि त्याला ग्वावा 11.0.2 लागतो, म्हणजे ग्वावा दुसऱ्या पायरीवर. दुसरीकडे तुमच्या टीमची एक लायब्ररी आहे, ती एक क्लायंट आणते आणि तो क्लायंट ग्वावा 27.0-जेआरई आणतो, म्हणजे तिसऱ्या पायरीवर. मेव्हन 11.0.2 उचलतो. बिल्ड हिरवं, अॅप चालू होतं, हेल्थ चेक मस्त. आणि मग कधीतरी एखादी रिक्वेस्ट नेमक्या त्या क्लायंटच्या कोडमध्ये शिरते आणि लॉगमध्ये नोसचमेथडएरर (अशी मेथडच सापडली नाही) पडतो, प्रीकंडिशन्सच्या चेकआर्ग्युमेंटवर, पुढे कंसात झेड, मग स्ट्रिंग, मग ऑब्जेक्ट आणि कंसाबाहेर व्ही. झेड म्हणजे बूलियन, व्ही म्हणजे व्हॉइड. आणि तुम्ही ग्वावा 11 चा सोर्स उघडून बघता तर चेकआर्ग्युमेंट तिथे आहे की राव! डोळ्यांसमोर आहे आणि जेव्हीएम (जावा कोड चालवणारा प्रोग्राम) म्हणतंय नाहीये.

गंमत अशी की जुन्या ग्वावात चेकआर्ग्युमेंटला मेसेजचे पॅरामीटर द्यायचे तर व्हारआर्ग्जवालीच मेथड होती, म्हणजे बूलियन, स्ट्रिंग आणि मग ऑब्जेक्टचा अॅरे. ग्वावा 20 मध्ये त्यांनी दर वेळी अॅरे बनवायला लागू नये म्हणून एक पॅरामीटर, दोन पॅरामीटर अशा वेगवेगळ्या मेथड्स जोडल्या. कॉल करणाऱ्याच्या सोर्समध्ये एक अक्षर बदललं नाही, पण 20 किंवा पुढच्या ग्वावावर कंपाइल केलं की जावासी (जावाचा कंपायलर) ती नवीन नेमकी मेथड निवडतो आणि क्लास फाइलमध्ये तिचीच सही (नाव आणि पॅरामीटरचे प्रकार) लिहून ठेवतो. रनटाइमला जेव्हीएम ती सही जशीच्या तशी शोधतं, "जवळपास तशीच आहे, चालवून घेऊ" असं काही करत नाही. म्हणून जुना जार (लायब्ररीची फाइल) आला की मेलं. आणि ही जोडणी ती ओळ चालायच्या वेळेलाच होते, त्यामुळे त्या वाटेला टेस्ट नसेल तर प्रॉडक्शनपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे मेव्हनचं डिपेंडन्सी ट्री (कोण कुणामुळे आलं त्याचं झाड) व्हर्बोझ, म्हणजे सविस्तर, लावून काढायचं, आणि ग्वावापुरतं फिल्टर करायचं नाहीतर दोन हजार ओळी वाचत बसाल. त्यात हरलेल्या व्हर्जनपुढे सरळ लिहिलेलं येतं, ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट विथ 11.0.2. व्हर्बोझ नसेल तर हरलेला दिसतच नाही, फक्त जिंकलेला दिसतो, आणि लोक तिथेच "एकच तर व्हर्जन आहे, कॉन्फ्लिक्ट कुठाय" म्हणून दुसरीकडे शोधायला लागतात.

अजून एक बारीक गोष्ट जी मला सगळ्यात भयानक वाटते. दोन्ही सारख्याच पायरीवर असतील तर? मग पॉममध्ये जो आधी लिहिलाय त्याच्या वाटेचं व्हर्जन जिंकतं. म्हणजे कुणीतरी उत्साही माणूस पॉम नीटनेटका करायला डिपेंडन्सीज ए टू झेड लावतो, रिव्ह्यूमध्ये सगळे अंगठा देतात कारण बदललं तर काहीच नाही, आणि रनटाइमला जार वेगळा. पॉमच्या सॉर्टिंगवर कुणी दहा मिनिटं घालवत नाही, घालवायला हवीत.

ग्रेडल (जावावाल्यांचं दुसरं बिल्ड टूल) याच्या उलट, तो बाय डिफॉल्ट सगळ्यात वरचं व्हर्जन घेतो. लोकांना वाटतं तसं तिथे होतं म्हणून धक्के कमी बसतात, पण सुरक्षित वगैरे म्हणता येणार नाही, कारण नव्या व्हर्जनमधून काहीतरी काढून टाकलं असेल तर जुन्यावर कंपाइल झालेला कोड तसाच आपटतो. ग्वावाच्याच स्टॉपवॉचचा कन्स्ट्रक्टर 17 मध्ये पब्लिक राहिला नाही तेव्हा एचबेसवाल्यांना (हॅडूपवर चालणारा डेटाबेस) इल्लीगलअॅक्सेसएररचा तो प्रसाद भरपूर मिळालाय. गो भाषेचं मला आवडतं, तिथे प्रत्येक मॉड्यूल "मला किमान एवढं हवं" सांगतं आणि त्या किमानांमधलं सगळ्यात मोठं घेतलं जातं, आज सकाळी नवीन रिलीज झालं म्हणून तुमचं बिल्ड आपोआप तिकडे जात नाही.

उपाय म्हणून सगळ्यात आधी हात जातो तो एक्सक्लूजनवर, म्हणजे या वाटेने येणारी ही लायब्ररी घेऊ नको असं पॉममध्ये सांगणं. स्टॅक ओव्हरफ्लोवरनं उचललं, ग्वावा हॅडूपमधून एक्सक्लूड केला, चाललं. मला एक्सक्लूजन फारसं पटत नाही. ते फक्त त्या एका वाटेला लागू होतं, उद्या कुणी तिसरी लायब्ररी टाकली जी पण दुसऱ्या पायरीवरनं ग्वावा 14 आणते, की पुन्हा तेच. शिवाय वर्षभराने ते एक्सक्लूजन का टाकलं होतं हे कुणालाच आठवत नसतं आणि काढायची हिंमत पण होत नाही. त्यापेक्षा डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये (पॉममधला व्हर्जन्स ठरवून ठेवायचा भाग) एकदाच ग्वावाचं व्हर्जन लिहा, मग तो कुठल्याही पायरीवरून येवो तेच व्हर्जन लागतं. फक्त हॅडूप 2.x ला 27 चालतो का हे मात्र चालवूनच बघावं लागतं, तिथे मेव्हन काही मदत करत नाही, आणि नाहीच चाललं तर एका बाजूचा ग्वावा शेड करून (आपल्याच जारमध्ये घुसवून) पॅकेजचं नाव बदलणं एवढंच हातात उरतं. हॅडूपवाल्यांनी स्वतः 3.2.1 मध्ये 27 वर उडी मारली, म्हणजे अपग्रेड शक्य असेल तर तेच करा.

डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजेचं (लॉग लिहिणारी जावा लायब्ररी) सुरक्षेतल्या भोकाचं प्रकरण झालं तेव्हा हाच सगळा खेळ एका रात्रीत सगळ्यांना शिकावा लागला. गुगलच्या टीमने तेव्हा मोजलं तर मेव्हन सेंट्रलवरच्या (जावा लायब्ररींचं सार्वजनिक कोठार) 35 हजारांहून जास्त पॅकेजेसना फटका होता, म्हणजे 8 टक्क्यांच्या वर, आणि त्यातल्या बहुतेकांनी लॉगफोरजे स्वतः लिहिलेलाच नव्हता, तो कितीतरी पायऱ्या खालून आलेला. ज्यांच्याकडे व्हर्जन एका जागी होतं त्यांनी 2.15.0 केलं, मग 2.16.0 आलं, मग 2.17.0, मग 2.17.1, दर वेळी एक ओळ बदलली. बाकीचे झाडं काढत बसले होते.

आणि तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये ग्वावाचं इम्पोर्ट असेल तर तो पॉममध्ये थेट लिहा ना. "हॅडूपसोबत येतोच की" हे ऐकून कंटाळा आलाय. डिपेंडन्सी प्लगइनचं अॅनलाइझ चालवलं की यूज्ड अनडिक्लेअर्डची (वापरलेल्या पण पॉममध्ये न लिहिलेल्यांची) यादी मिळते, ती बऱ्यापैकी खरी असते. त्याच्या खालची अनयूज्ड डिक्लेअर्डची यादी मात्र डोळे झाकून साफ करू नका, ते टूल बाइटकोड बघतं, रिफ्लेक्शनने (चालताना नुसत्या नावावरून) लोड होणारे जेडीबीसी ड्रायव्हर (डेटाबेसशी जोडणारे) वगैरे त्याला दिसत नाहीत.

सीआयमध्ये (कोड टाकला की आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये) मी मेव्हनच्या एन्फोर्सर प्लगइनचा रिक्वायर अपर बाउंड डेप्स हा नियम लावतो, म्हणजे निवडलेलं व्हर्जन कुणी मागितलेल्यापेक्षा जुनं असेल तर बिल्डच पडतं, वरचा 11 विरुद्ध 27 वाला प्रकार तिथेच पकडला जातो. डिपेंडन्सी कन्व्हर्जन्स हा दुसरा नियम जास्त कडक आहे, दोन वाटांचं व्हर्जन जरा वेगळं असलं तरी ओरडतो, आणि स्प्रिंग बूटच्या मोठ्या जुन्या प्रोजेक्टवर तो एकदम चालू केलात तर टीममधले लोक चहाला सुद्धा बोलावणार नाहीत.